सात रंगांची पंगत

त्रिशला मगदूम रंग निवडत नसे. ती त्यांना पंगतीला बसवत असे. हा तिचाच शब्द. दर हंगामाआधी 'बहावा'च्या कामाच्या खोलीत लांब टेबलावर पांढरी चादर अंथरली जायची, तिच्यावर रंगवलेल्या सुताच्या लड्यांचा ढीग पडायचा आणि त्रिशला, म्हणजे सगळ्यांची अक्का, एकेक लडी उचलून शेजारीशेजारी मांडत जायची. "हा शेंदरी फार बोलतो. याच्याजवळ कुणीतरी गप्प माणूस पाहिजे," असं काहीतरी पुटपुटायची आणि एखादा मातकट करडा त्याच्या बाजूला सरकवायची. दुपारपर्यंत सात रंग ठरायचे. मग इचलकरंजीतल्याच मागांवर त्या रंगांचं कापड विणलं जायचं, त्याचे कुर्ते आणि साड्या व्हायच्या आणि 'बहावा'चा हंगाम उभा राहायचा.

बाकी सगळं चंदना बघायची. चंदना ही अक्काची बहीण, चौदा वर्षांनी धाकटी. तिच्या जन्मानंतर वर्षभरात आई गेली, त्यामुळे तिला पायांवर घेऊन अंघोळ घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. स्वतःचं लग्न अक्कानं कधी मनावर घेतलं नाही. चंदनानं केलं, तेही गावातल्याच अभिनंदन चौगुलेशी, आणि बिऱ्हाड थाटलं ते अक्काच्या दारातून हाक मारली तर ऐकू येईल अशा ठिकाणी.

गेल्या दोन-तीन वर्षांत 'बहावा'चं नाव गावाबाहेर गेलं होतं. जांभळ्याशेजारी शेवाळी, मोरपिशीला खेटून विटकरी, अशा जोड्या अक्का बसवू लागली होती आणि बंगळूर-मुंबईचे दुकानदार त्या बघून चाट पडत होते. "काय धाडस आहे तुमच्या अक्कांचं!" असं कुणी म्हणालं की चंदनाला स्वतःचंच कौतुक झाल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी थंडी ओसरता ओसरता चंदनानं एक यंत्र घेतलं. त्याला 'नेत्रप्रत' म्हणत. मोठ्या ब्रँडांकडे ते आधीच आलेलं होतं, आता छोट्यांच्याही आवाक्यात आलं होतं. चंदनाची अडचण साधी होती: फोटो बघून मागवलेले कपडे परत येत होते. "रंग वेगळाच निघाला," ही एकच तक्रार. रंग वेगळा निघत नव्हता, तो वेगळा दिसत होता. कारण रंग कापडात नसतोच. कापड फक्त प्रकाश परतवतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर तीन जातींच्या पेशी असतात. कुठली किती चेतवली गेली याचा निरोप त्या मेंदूकडे धाडतात आणि मेंदू त्या तीन निरोपांचा हिशेब लावून रंग ठरवतो. पेशींचं प्रमाण माणसागणिक बदलतं, हिशेबाची पद्धतही थोडीफार बदलते. एकाचा पोपटी दुसऱ्याच्या डोळ्यांत लिंबोणी असतो आणि दोघांनाही त्याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही.

नेत्रप्रत तो पत्ता लावत असे. गिऱ्हाईक फोनवर ठिपक्यांचा एक खेळ खेळे, गर्दीतला वेगळा ठिपका शोधून काढायचा एवढंच, आणि त्यावरून यंत्र त्याच्या नजरेची हुबेहूब प्रत तयार करी. मग काळ्या जाड चष्म्यासारखं एक साधन डोळ्यांवर चढवलं की दुसऱ्याच्या नजरेनं जग बघता येई. कोल्हापूरच्या बाईला आपली अंजिरी साडी कशी दिसेल, हे इचलकरंजीत बसून कळे.

"आधी घरचीच माणसं करून बघू," चंदना म्हणाली. तिनं स्वतः खेळून घेतलं, शिवणकाम करणाऱ्या बायकांना खेळवलं, आणि शेवटी फोन अक्काच्या हातात दिला.

"पोरखेळ आहे सगळा," अक्का म्हणाली, पण खेळली. यंत्रानं तिला पुन्हा खेळायला सांगितलं. ती पुन्हा खेळली. मग पडद्यावर मजकूर आला: नजरेची ही प्रत नेहमीच्या मर्यादांत बसत नाही. दोष डोळ्यात नसून डोळ्याच्या मागे असावा. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

चंदना हसली. "घ्या! ज्या बाईच्या नजरेवर आपण जेवतो, तिच्यातच याला खोट दिसली. परत पाठवते मी हे."

अक्का हसली नाही. "चहा टाकते," म्हणून आत गेली.

चंदनानं गंमत म्हणून चष्मा चढवला आणि अक्काची प्रत सुरू केली. खिडकीबाहेरचं आभाळ पांढुरकं होतं. ढगाळ नव्हतं, नुसतं पांढुरकं, कुणी पुसून घेतल्यासारखं. भिंतीवर बहाव्याचं झाड रंगवलेलं होतं, त्याचे पिवळेधमक घोस फिक्या गुलाबी राखेसारखे लोंबत होते. ती वळली. दांडीवर गेल्या काही हंगामांचे नमुने टांगलेले होते. तेच जांभळ्याशेजारचे शेवाळी, तेच मोरपिशी-विटकरी. या नजरेतून त्यांत धाडस कुठंच नव्हतं. सौम्य, एकमेकांना सांभाळून घेणारे, रांगेनं मंद होत जाणारे रंग होते ते. अक्का वर्षानुवर्षं तशीच साधी, मायाळू पंगत बसवत आली होती. पाहुणे कधी बदलले, हे तिला कळलंच नव्हतं. आणि सगळा गाव ज्याला प्रतिभा म्हणत होता, ते हे होतं.

तिनं चष्मा काढला. अक्का दारात कप घेऊन उभी होती.

"दिसलं?" अक्कानं विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"निळं फिकं पडलंय एवढं कळत होतं. म्हटलं, वय झालं." तिनं कप टेबलावर ठेवला. "लड्यांवर नावं लिहिलेली असतात, तेवढ्यानं चालून जायचं."

मिरजेला मेंदूविकाराच्या डॉक्टर शबनम बागवान होत्या. त्यांनी तपासण्या केल्या, आणि मग दोघींना समोर बसवून घाई न करता सगळं सांगितलं. या विकाराचं शास्त्रातलं नाव लांबलचक होतं. लोक त्याला रंगक्षय म्हणत. मेंदूच्या खालच्या अंगाला सुपारीएवढा एक भाग रंगांचा हिशेब लावतो. तिथलं एक प्रथिन घडी चुकून वेडंवाकडं दुमडलं जातं, आणि आपल्याशेजारच्यालाही तसंच दुमडायला लावतं. असं पेशीमागून पेशी ते पसरतं.

"आणि या भागाच्या अगदी लागून," डॉक्टर म्हणाल्या, "चेहरे ओळखणारा भाग आहे. भिंतीला भिंत लागून. तुमचा आजार त्या दिशेनं निघालाय."

"औषध?" चंदनानं विचारलं.

"तिथवर पोचणारं औषध अजून नाही. एक उपाय आहे. जंगलात वणवा लागला की वनखात्याचे लोक पुढचं गवत आपणच जाळून टाकतात. जाळरेषा म्हणतात तिला. आग तिथवर येते आणि जाळायला काही नाही म्हणून थांबते. आम्ही कवटीबाहेरून ध्वनिलहरी सोडतो, त्या आत एका जागी एकवटतात आणि तेवढंच जाळतात. चिरफाड नाही, दुखत नाही."

"काय जाळता?" अक्कानं विचारलं. 

"रंगांचा भाग. सगळा. अर्धवट जाळून भागत नाही."

"म्हणजे मला रंग दिसणार नाहीत."

"कुठलाच नाही. चेहरे मात्र सुरक्षित राहतील."

"आणि नाही केलं तर?"

"तर हा वणवा कडेकडेनं पुढे जाईल. निळा-पिवळा जातील, लाल-हिरवा बहुधा राहतील. पण चेहरे जातील. माणूस समोर उभं राहील, डोळे-नाक-तोंड सगळं दिसेल, पण कोण आहे ते कळणार नाही. आरशातलं आपलंसुद्धा. तिथं पोचल्यावर मात्र हा आजार सहसा थबकतो." डॉक्टर अक्काकडे वळल्या. "यात बरोबर-चूक मी सांगू शकत नाही, त्रिशलाताई. काही जण करतात, काही जण करत नाहीत."

परतताना गाडी आपली आपण चालली होती. जयसिंगपूरच्या अलीकडे एका खळ्यावर शिजवलेली हळद वाळत घातली होती. वासावरूनच अक्कानं ओळखलं आणि गाडी थांबवायला सांगितली. उतरून तिनं एक हळकुंड उचललं, मोडलं आणि त्याच्या आतल्या अंगाकडे बघत राहिली.

"मला हे आतून गुलाबी दिसतं," ती म्हणाली. "खोटं का असेना, पण छान दिसतं गं."

"अक्का, आपण लवकरची तारीख घेऊ."

"मी नाही करणार."

"म्हणजे?"

"चंदे, तुला मी आवाजावरून ओळखेन. चालण्यावरून ओळखेन. तू जिना चढतेस ती कशी चढतेस, मला ठाऊक आहे. रंग कुठल्या आवाजावरून ओळखू?"

  नंतरचे कित्येक दिवस चंदना या प्रश्नाची उत्तरं गोळा करत राहिली. अभिनंदन तिला म्हणाला, "डोळे तिचे आहेत. तिला ठरवू दे." त्यावर चंदना म्हणाली, "तुझ्या आईनं उद्या तुझ्याकडे बघून 'कोण पाहिजे?' विचारलं तर चालेल तुला?" 

शेवटी एका दुपारी ती अक्काकडे गेली. अक्का परातीत ज्वारी घेऊन निवडत बसली होती. चंदना तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"तुला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मला दिवस गेलेत."

अक्काची बोटं थांबली. परात बाजूला सारून तिनं चंदनाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग नेहमीसारखं बोलायला लागली: कुणाला सांगू नको इतक्यात, जिना कमी कर, पपई खाऊ नको. चंदना ऐकत राहिली आणि मग म्हणाली,

"तू त्याला ओळखणार नाहीस."

"कुणाला?"

"बाळाला. ते शाळेच्या दारातून शंभर पोरांबरोबर बाहेर येईल आणि तुला त्यातलं आपलं कुठलं ते कळणार नाही. ते हसत तुझ्याकडे येईल आणि तू त्याच्या पलीकडे बघत राहशील. आणि मी... अक्का, मला दुसरी आई आठवतही नाही. माझ्याकडे बघून ज्या माणसाच्या डोळ्यांत ओळख येते, असं माझं तू एकच आहेस. तुझ्या डोळ्यांत मी कोणीतरी बाई झाले तर कसं करू मी?"

ती रडत होती. खोटं रडत नव्हती. पण हे रडणं अक्काला सहन होत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं, आणि ते माहीत असूनही ती रडली.

अक्कानं परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"बरं," ती म्हणाली.

सहलीला जायचं असो, नवे बूट असोत, इंजिनिअरिंग सोडून कपड्यांचा धंदा करायचा असो, चंदनाच्या प्रत्येक हट्टाला अक्काकडून शेवटी हाच एक शब्द मिळत आला होता.

मिरजेला जायच्या आधी अक्कानं दिवाळीची पंगत बसवली. एरवी दुपारपर्यंत उरकणाऱ्या कामाला तिनं अख्खा दिवस लावला. काही पुटपुटली नाही. एकेक लडी उचलायची, उजेडाकडे धरायची, गालाला लावायची आणि ठेवायची. निवडलेल्या सातांपेक्षा न निवडलेल्यांनाच तिनं जास्त वेळ हातात धरलं. संध्याकाळ व्हायच्या आत तिनं चादरीचे कोपरे नीट केले, हात धुतले आणि म्हणाली, "चल, जेवून घेऊ."

उपचाराच्या वेळी रुग्णाला जागं ठेवत. अक्काचं डोकं एका मोठ्या गोल टोपात होतं आणि समोरच्या पडद्यावर डॉक्टर एकच रंग दाखवत होत्या. काचेच्या पलीकडे चंदना उभी होती. अक्काचा आवाज तिला स्पीकरवरून ऐकू येत होता.

"कोणता रंग, त्रिशलाताई?"

"डाळिंबी."

"आता?"

"डाळिंबीच. थोडा उडाला."

"आता?"

"धुऊन धुऊन विटलेला डाळिंबी."

थोडा वेळ नुसती यंत्राची गुणगुण आली.

"आता?"

"अजून आहे," अक्का भरभर म्हणाली. "कडेला अजून आहे थोडा. थांबा जरा. थांबा, अजून आहे."

डॉक्टर थांबल्या नाहीत. त्या टप्प्यावर थांबता येत नसे. चंदनानं काचेला कपाळ टेकवलं.

"आता?"

"करडा," अक्का म्हणाली.

उपचार यशस्वी झाला. चेहऱ्यांच्या चाचणीत अक्का एकदाही चुकली नाही. खोलीत शिरलेल्या चंदनाकडे बघून ती म्हणाली, "रडून रडून नाक सुजवून घेतलंस की गं." चंदनानं तिला मिठी मारली. तिला वाटलं, जिंकलो आपण.

घरी आल्यावर पहिल्यांदा जेवण बिनसलं. अक्कानं ताटाकडे पाहिलं आणि घास घेईना. आमटी तिला चिखलासारखी दिसत होती, भात तेवढा भातासारखा. दोन-चार दिवसांत तिनं युक्ती काढली: डोळे मिटून जेवायचं. कामाच्या खोलीत ती येईनाशी झाली. आली तरी खिडकीकडे तोंड करून बसायची आणि बोलायची ती बाहेर बघतच. चंदनाला वाटायचं, सवय व्हायला वेळ लागेल. डॉक्टरही तसंच म्हणाल्या होत्या. आठवणीतले रंगही जातात, स्वप्नंसुद्धा करडी होतात, हे त्यांनी सांगितलं होतं का नाही, ते चंदनाला नंतर आठवेना. सांगितलंही असेल. तिनं ऐकलं नसेल.

गणपती होऊन गेल्यावर चंदनाला मुलगी झाली. अक्का दवाखान्यात आली, पाळण्यावर वाकली. चंदना तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. याच क्षणासाठी तर हे सगळं केलं होतं. अक्काच्या डोळ्यांत ओळख आली, अगदी स्पष्ट आली. आणि तिच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं.

"छान आहे," अक्का म्हणाली. "तुझ्यावर गेलीय." आणि पाणी आणते म्हणून खोलीबाहेर गेली, ती परत आली नाही.

बारशालाही ती मागच्या रांगेत बसली. मुलीचं नाव मैना ठेवलं. पेढे वाटून होईतो अक्का निघून गेली होती. दिवसामागून दिवस गेले. हाकेच्या अंतरावरून अक्का यायची नाही. चंदनाचं आधी मन दुखावलं, मग तिला राग आला. एका सकाळी बाळाला दुपट्यात गुंडाळून ती तडक अक्काच्या घरी गेली.

"काय चुकलं माझं, ते तरी सांग," ती दारातूनच म्हणाली. "हिला बघायला शेजारपाजारच्या बायका येतात. तू येत नाहीस."

"ये, बस." अक्का भिंतीकडे बघत म्हणाली.

"माझ्याकडे बघून बोल."

अक्कानं तिच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"तू जन्मलीस तेव्हा मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "नर्सनं तुला माझ्याच हातात दिलं होतं. लालबुंद होतीस. कान तर असे की उजेड पलीकडून यायचा. ही डिट्टो तशीच आहे, नाक तेच, हनुवटी तीच. ओळखलं मी तिला. फक्त... तू विचारू नकोस."

"विचारते."

"मला ती मेलेली दिसते गं. ओल्या सिमेंटची केलेली दिसते. हात-पाय हलवते, आणि मेलेली दिसते. तूही. तुझा चेहरा मला तोंडपाठ होता चंदे, त्यावरचा प्रत्येक रंग. रागावलीस की आधी गळ्याशी कुठं लाल व्हायचीस, तापात ओठ कसे व्हायचे. आता तू समोर आलीस की मला वाटतं, माझ्या बहिणीला घालवून कुणीतरी तिचा मुखवटा धाडलाय. कळतं की तूच आहेस. कळतं, म्हणून तर बघवत नाही. कोण आहे ते कळलंच नसतं, तर बघितलं असतं."

चंदना उभीच होती. बाळ चुळबुळलं, तेव्हा तिनं त्याला नकळत खांद्यावर घेतलं.

उपचारानंतरच्या तपासणीत मिरजेला अक्काच्या नजरेची नवी प्रत घेतलेली होती. ती चंदनानं मागवली. कामाच्या खोलीत कुणी नसताना मैनाला मांडीवर घेऊन तिनं चष्मा चढवला. जुन्या काळच्या सिनेमासारखं दिसेल, अशी तिची समजूत होती. सिनेमातली माणसं करडी असतात ती पडद्यावर, लांब. इथं मांडीवर ऊब होती, दुधाचा वास होता, इवल्या मुठीनं तिचं बोट घट्ट धरलेलं होतं, आणि ज्या चेहऱ्याकडे ती वाकून बघत होती तो राखेचा होता. ओठ गालांहून काळे. जांभई दिली तेव्हा तोंडाच्या आतही काळं. चंदनानं चष्मा ओरबाडून काढला. बाळ गुलाबी होतं. तिनं त्याला छातीशी इतकं आवळलं की ते रडायला लागलं.

त्यानंतर तिनं अक्काला कधीच "ये" म्हटलं नाही.

दिवाळीचा माल हातोहात गेला. एवढी सुंदर पंगत 'बहावा'नं कधी बसवली नव्हती, असं सगळेच म्हणाले. बंगळूरचा एक दुकानदार मिठाई घेऊन अक्काला भेटायला आला आणि त्यातली एक साडी तिच्यासमोर उलगडून कौतुक करत राहिला. अक्का डोळे मिटून कापडावरून हात फिरवत होती. "सूत चांगलं लागलंय," एवढंच म्हणाली.

भाऊबीज झाल्यावर अक्कानं सांगितलं, ती आश्रमात राहायला जाणार आहे. हातकणंगल्याच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी आर्यिका माताजींचा, पांढऱ्या साडीतल्या जैन साध्वींचा, छोटा आश्रम होता. घरदार सोडून आलेल्या बायकाही तिथं राहत, स्वयंपाक करत, पाठ म्हणत.

"दीक्षा घेणार आहेस?" चंदनानं विचारलं. 

"माझं कुठलं एवढं वैराग्य! नुसती राहणार आहे."

"माझ्यामुळे."

"ऐक. तिथं सगळ्या पांढरं नेसतात. पांढरं तेवढं मला अजून पांढरंच दिसतं. आणि तिथल्या एकाही बाईला मी आधी रंगात पाहिलेलं नाही. त्या मला पहिल्यापासून अशाच आहेत. त्यांच्यात काही मेलेलं दिसत नाही." तिनं चंदनाच्या हातावर हात ठेवला. "इथं मला जे जे आवडतं, ते सगळं तसं दिसतं. मी काय करू?"

या वेळी "बरं" म्हणायची पाळी चंदनाची होती. तिनं म्हटलं.

अक्का गेली. उन्हाळ्याच्या हंगामाची वेळ आली तेव्हा अभिनंदननं सुचवलं, की अक्काच्या आजारी नजरेची पहिली प्रत यंत्रात अजून आहे. ती प्रत आणि अक्काच्या जुन्या पंगती यंत्राला दिल्या, तर ते अक्कासारखेच रंग बसवेल. चंदनानं करून पाहिलं. यंत्रानं क्षणात सात रंग मांडले. ते अगदी अक्काचेच होते, कुणालाही शंका आली नसती. चंदना त्यांच्याकडे पुष्कळ वेळ बघत बसली आणि मग तिनं ती प्रत पुसून टाकली. टेबलावर पांढरी चादर अंथरली, लड्या ओतल्या आणि स्वतः बसली. संध्याकाळपर्यंत जे जमलं ते बेताचंच होतं. दुकानदार म्हणाले, "या वेळी जरा साधं वाटतंय." माल खपला, बराचसा खपला.

चैत्रात ती मैनाला घेऊन आश्रमात गेली. आधी कळवलं नव्हतं. प्रवचन नुकतंच संपलं होतं आणि मंडपातून बायका बाहेर पडत होत्या, पुष्कळ बायका, सगळ्या पांढऱ्या साड्यांतल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. चंदना फाटकाशीच थबकली. उन्हात त्या सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. ती एकेक चेहरा शोधत राहिली. एका बाईकडे बघून तिनं हातही वर केला. ती अक्का नव्हती. तिला सापडेचना.

"चंदे!"

हाक मंडपाच्या पार पलीकडच्या टोकाकडून आली होती. अक्का पायऱ्यांवरून उतरत होती. एवढ्या लांबून, चंदनाच्या तोंडून एक शब्द निघण्याआधी, तिनं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. ती जवळ आली. वाळली होती, पण कपाळ निवांत होतं. तिनं डोळे मिटले, हात पुढे केले आणि मैनाला घेतलं. बाळाच्या गालावरून, कानांवरून, जावळावरून तिची बोटं हळूहळू फिरत राहिली. मैना तिच्या मिटलेल्या पापण्यांना हात लावून हसली.

"ओळखलं बघ लांबून," अक्का डोळे मिटूनच म्हणाली. शाळेतून पहिला नंबर घेऊन आलेल्या मुलीसारखी ती हे म्हणाली, चंदनाला बरं वाटावं म्हणून.

"हो अक्का," चंदना म्हणाली. "लगेच ओळखलंस."